पर्फ्लीटची चांदमारी

चांदमारीचं जुनं मैदान पाहायला गेलात तर गोळ्या झाडणाऱ्यांची बाजू सोडून द्या आणि सरळ बटाकडे, म्हणजे निशाणांच्या बाजूकडे, चालू लागा. फायरिंग पॉइंट म्हणजे शेवटी गवताचा ओटा. शंभर यार्डांवर एक, दोनशेवर एक, तीनशेवर एक. पाच-दहा पावसाळ्यांत तो जमिनीत मुरून जातो. बट मात्र मुरत नाही. मागे मातीचा मोठा बांध, पुढे खंदक, खंदकाला काँक्रीटची भिंत, आणि खंदकात निशाणं वर-खाली करायच्या लोखंडी चौकटी. गोळी मारणारा कुठे पालथा पडला होता ते शोधत बसावं लागतं. ज्याच्या डोक्यावरून ती गोळी गेली, त्याची जागा शंभर वर्षांनीही सापडते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून उठून मी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो, ते १९७०च्या दशकात. बेळगावच्या सेंटरला रंगरूट असताना एसएलआर रायफल जितकी चालवली, त्याहून जास्त वेळ बट पार्टीत काढला. बट पार्टी म्हणजे निशाणं सांभाळणारी तुकडी. वर लाल झंडी लागली की खाली खंदकात उतरायचं. टार्गेट वर ढकलायचं, फायर झालं की खाली ओढायचं, भोकं मोजायची, लांब दांडीची चकती फिरवून मारणाऱ्याला त्याची गोळी कुठे लागली ते दाखवायचं, मग लेई लावून कागदाचे तुकडे चिकटवायचे आणि टार्गेट परत वर. दिवसभर हेच. संध्याकाळी हाताला लेईचा वास आणि कानात दडे.

त्या खंदकात एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. डोक्यावरून गोळी जाते तेव्हा आधी कडाड असा आवाज होतो, चाबूक ओढल्यासारखा. मग क्षणभराने लांबून ठो ऐकू येतो. कडाड हा गोळीचा स्वतःचा, आणि ठो हा रायफलीच्या तोंडाचा. गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने येते, म्हणून ती आपल्याला ओलांडून गेल्यावर तिच्या सुटण्याची बातमी पोहोचते. दोन आवाजांमधल्या वेळावरून मारणारा किती लांब आहे हे जुने उस्ताद बिनचूक सांगत. लढाईत शत्रू शोधायची हीही एक रीत आहे, आणि ती फायरिंग पॉइंटवर पालथं पडून शिकता येत नाही. ती बटाखाली बसूनच शिकतात.

असा बट पुन्हा भेटला तो इंग्लंडात. माझी लेक लंडनच्या पूर्वेला बार्किंगला राहते. तिच्याकडे मुक्काम असताना जावयांनी, मला पक्ष्यांचा नाद आहे असं समजून, रेनम मार्शेस या पक्ष्यांसाठी राखलेल्या दलदलीत जा म्हणून सुचवलं. बार्किंगहून सीटूसी कंपनीची गाडी रेनमवरून पर्फ्लीटला जाते. स्टेशनातून उतरून थेम्सच्या काठाने थोडं चाललं की पक्षी संरक्षणाचं काम करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेचं केंद्र लागतं. पुढे दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट जाते. पाणथळ, वेताचं रान, बगळे, आपल्या टिटवीच्या कुळातले लॅपविंग. एका अंगाला युरोस्टारचा रूळमार्ग, दुसऱ्या अंगाला नदीतली मालवाहू जहाजं, लांब डार्टफर्डचा पूल. आणि त्या वेतातून एकदम बट समोर आला. काँक्रीटची लांब भिंत, मागे मातीचा भराव. पक्षी बघणारे त्याला काय समजत होते कोण जाणे. मला तो काय आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पर्फ्लीटचं आणि बंदुकीचं नातं या चांदमारीहून पुष्कळ जुनं आहे. अठराव्या शतकात ब्रिटिश सैन्याची आणि आरमाराची बंदुकीची दारू ग्रिनिचला साठवत. लंडनच्या इतक्या जवळ एवढी दारू नको, एखाद्या दिवशी आपण घरादारासकट उडू, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. म्हणून १७६०च्या दशकात कोठारं नदीच्या खालच्या अंगाला, ओसाड पर्फ्लीटला नेली. विटांची, कमानीच्या छताची पाच कोठारं. प्रत्येकात दहा हजारांहून अधिक पिंपं. दारूकोठारात लोखंड चालत नाही, ठिणगी पडते. म्हणून हत्यारं तांब्या-पितळेची आणि पायात बिनखिळ्यांचे जोडे. त्या दारूत पाऊण भाग सोरा असे, आणि सोऱ्याचा मोठा हिस्सा ईस्ट इंडिया कंपनी बिहारमधून आणत असे. आपल्याकडच्या लढायांमध्ये इंग्रजांनी जी दारू उडवली तिचा कच्चा माल आपल्याच मुलखाचा होता, हे मला या गावात उमगलं.

या कोठारांवर वीज पडली तर काय, हा प्रश्न पुढे आला तेव्हा रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने १७७२मध्ये समिती नेमली. समितीत हेन्री कॅव्हेंडिश हा शास्त्रज्ञ होता आणि टोकदार गजांचा पुरस्कर्ता, तेव्हा लंडनमध्येच राहणारा अमेरिकन बेंजामिन फ्रँकलिनही होता. इटलीतल्या ब्रेशा शहरात १७६९मध्ये दारूकोठारावर वीज पडून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता, ती धास्ती सगळ्यांच्या मनात होती. समितीने टोकदार वीजवाहक गज लावायला सांगितलं. बेंजामिन विल्सन नावाचा एकच सभासद अडून बसला. टोकदार गज विजेला आमंत्रण देतो, बोथट लावा, असं त्याचं म्हणणं. १७७७मध्ये पर्फ्लीटच्याच एका इमारतीवर वीज पडली. नुकसान किरकोळ झालं, वाद मात्र पेटला. तोवर फ्रँकलिन अमेरिकेतल्या बंडखोरांचा पुढारी झालेला. मग तिसरा जॉर्ज राजा बोथट गजांच्या बाजूने उभा राहिला. विज्ञानाच्या प्रश्नात राजकारण असं घुसतं. पाचपैकी एकच कोठार आज उभं आहे आणि त्यात स्थानिक मंडळींनी लष्करी वस्तूंचं संग्रहालय मांडलं आहे. मी म्हणेन, बट बघायच्या आधी ते बघावं.

दारूगोळ्याच्या गावाला रायफलींचं मैदान का लागलं, याचं कारण बंदुकीतच आहे. ब्रिटनमध्ये निशाणबाजीचं वेड पसरलं ते १८५९मध्ये. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन चढाई करील अशी हवा होती, गावोगाव स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहिल्या, आणि त्यांना नेम शिकवायला नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. २ जुलै १८६० रोजी तिचा पहिला मेळावा भरला, तोही विम्बल्डनच्या माळावर, जिथलं टेनिस आपण पाहतो त्याच विम्बल्डनमध्ये. व्हिटवर्थ रायफल आधीच नेम धरून घोडीवर पक्की केलेली होती. व्हिक्टोरिया राणीने रेशमी दोरी ओढली आणि चारशे यार्डांवर गोळी अगदी मधोमध लागली. यात राणीचा वाटा दोरी ओढण्याचा. नेम दुसऱ्याने धरायचा आणि नाव तिसऱ्याचं व्हायचं, ही रीत फौजेत आम्हीही पाहिली आहे!

१८८८मध्ये ब्रिटिश फौजेने ली-मेटफर्ड ही .३०३ बोअरची रायफल घेतली. नवी गोळी लहान, पण खूप लांब जाऊनही माणूस मारू शकणारी. शहराजवळचे माळ एकाएकी धोक्याचे झाले. विम्बल्डनला आजूबाजूला घरं वाढत होती. १८८९चा मेळावा तिथला शेवटचा ठरला आणि पुढच्या वर्षी सगळा संसार सरे परगण्यातल्या बिझलीला हलला. त्याच बिझलीत २००२च्या राष्ट्रकुल स्पर्धांची नेमबाजी झाली आणि आपल्या अंजली भागवतने चार सुवर्णपदकं मिळवली, हे मराठी वाचकांच्या आठवणीत असेल.

दुसरा धक्का बोअर युद्धाचा. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांनी लांबून एकेक इंग्रज सोल्जर टिपला तेव्हा लंडनला कळलं की परेडीवर चमकणाऱ्या फौजेला नेमबाजी येत नाही. त्यानंतर मस्केट्रीचं, म्हणजे रायफल चालवण्याचं, शिक्षण मुळापासून बदललं. हवा, अंतर, जलद फायर, पालथं पडून मारणं, आडोशातून मारणं. प्रत्येक सोल्जरने एका मिनिटात तीनशे यार्डांवर नेम धरून पंधरा राउंड मारलेच पाहिजेत अशी कसोटी लागली. १९१४च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या मॉन्सच्या लढाईत जर्मनांना जो मारा सोसावा लागला तो याच शिक्षणाचा. एवढ्या शिक्षणाला मैदानं लागतात. मग सरकार सपाट, स्वस्त आणि निर्मनुष्य जमीन शोधू लागलं. थेम्सकाठची दलदल तशीच होती. शेतीला फारशी कामाची नाही, घरं बांधता येत नाहीत, कोठारांमुळे फौज शेजारीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे रेंज आखली गेली आणि दलदल लोकांना बंद झाली.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. नेमाचं हे नवं शिक्षण आणि नव्या रायफली आधी गोऱ्यांना मिळत, मग आम्हाला. १८५७च्या काडतुसांनंतर इंग्रजांनी ठरवूनच टाकलं होतं की हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या सोल्जरपेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं. गोऱ्याला मार्टिनी-हेन्री तेव्हा आपल्याला स्नायडर. त्याला मॅगझिन रायफल तेव्हा आपल्याला मार्टिनी. १९१४मध्ये हिंदी फौज फ्रान्सला उतरली तेव्हा मार्सेल्सच्या बंदरात तिच्या जुन्या रायफली बदलून नव्या द्याव्या लागल्या, कारण नवा दारूगोळा जुन्यांना लागू नव्हता. रायफल हातात आली आणि थोड्याच दिवसांत मोर्चा. आमच्या मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ त्या वेळी मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेवर गेल्या आणि कूतच्या वेढ्यात उपाशी झुंजल्या. त्यांना पर्फ्लीटसारखं मैदान आणि पर्फ्लीटइतका दारूगोळा सरावाला मिळाला असता तर, हा विचार माझ्यासारख्या शिपायाच्या मनात येणारच.

पर्फ्लीटलाही १९१४मध्ये काही सगळं आलबेल नव्हतं. युद्धमंत्री लॉर्ड किचनरच्या हाकेला ओ देऊन कारकून, हमाल, दुकानदार भरती झाले. त्यांच्या पलटणी इथे तंबूंत राहिल्या. किचनरच्या या नव्या फौजेला सुरुवातीला रायफली पुऱ्या पडत नव्हत्या. कित्येक ठिकाणी लाकडी बंदुकांवर कवायत चाले. पर्फ्लीटला राहिलेल्या पलटणींत आठवी ईस्ट सरे होती. हीच ती पलटण, जिने १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर फुटबॉलला लाथा मारत चढाई केली. फुटबॉल आणणारा कॅप्टन नेव्हिल त्याच सकाळी पडला. वर्तमानपत्रांनी त्या फुटबॉलांचं फार कौतुक केलं. मला नाही ते आवडलं. मशीनगनसमोर माणसं उभी चालवायची आणि वर खेळाची भाषा करायची, यात पोरांच्या धीराचं कौतुक आहे, हुकूम देणाऱ्यांचं नाही.

त्याच १९१६ साली ३१ मार्चच्या रात्री एल-१५ हे झेपेलिन, म्हणजे जर्मनांचं वायूने भरलेलं हवाई जहाज, थेम्सवरून लंडनकडे येत होतं. पर्फ्लीट आणि आसपासच्या तोफांनी त्याला गाठलं, त्यातला वायू गळू लागला आणि ते समुद्रात उतरलं. झेपेलिन पाडणाऱ्याला लंडनचे लॉर्ड मेयर चार्ल्स वेकफील्ड यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. आता पाडलं कुणाच्या गोळ्याने? एकाहून जास्त तोफखाने दावा सांगू लागले. शेवटी त्या पैशांची पदकं करून गोलंदाजांना वाटली. बटाखाली हिशेब ठेवणारा माणूस असतो, आकाशात नसतो!

रेंजच्या आवारातच झाडीत कॉर्डाइट ठेवायची एक जुनी कोठी आहे. कॉर्डाइट म्हणजे धूर न करणारी दारू. नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ आणि उरलेले ५ टक्के चक्क व्हॅसलीन. जुनी काळी दारू उडाली की धुराचा लोट उठे आणि मारणारा कुठे आहे हे गावाला कळे. कॉर्डाइटने धूर घालवला आणि मारणारा दिसेनासा झाला. मग त्याला शोधायला कान लागले. बटाखालचे ते दोन आवाज ओळखायची विद्या तेव्हापासून महत्त्वाची झाली. कॉर्डाइटचा शोध १८८९चा. विम्बल्डनचा शेवटचा मेळावा १८८९चा. आणि टोपीवर खोचायच्या पिसांसाठी पक्षी मारू नका म्हणून इंग्लंडमधल्या बायकांनी जी संस्था काढली, तीच आजची आरएसपीबी, तीही १८८९ची. त्या संस्थेने पुढे दारूचीच कोठी विकत घ्यावी असा योग होता.

दुसऱ्या महायुद्धातही मैदान चालू राहिलं, नंतरही चाललं. १९६२मध्ये गावातली दारूकोठारं बंद झाली आणि त्या जागेवर घरं उठली. रेंज मात्र त्यानंतरही बरीच वर्षं होती. फौजेने काढता पाय घेतल्यावर आपल्याकडे जे होतं तेच इथेही होऊ लागलं. जागेवर डोळे. इथे चित्रपटांच्या धर्तीवर मोठी करमणूकनगरी उभारायची योजना आली. दलदलीला १९८६मध्येच वैज्ञानिक महत्त्वाची जागा म्हणून संरक्षण मिळालेलं होतं, तरी योजना आली. ती बारगळली. २०००मध्ये आरएसपीबीने संरक्षण खात्याकडून जमीन विकत घेतली आणि २००६मध्ये लोकांसाठी खुली केली. शंभरएक वर्षं तिथे लोकांना मज्जाव होता.

तिथे काम करणारी मंडळी मोकळेपणाने सांगतात की दलदल वाचली ती गोळ्यांमुळे. लंडनच्या आसपासची थेम्सकाठची बाकीची बहुतेक पाणथळं कचऱ्याखाली, गोदामांखाली, रस्त्यांखाली गेली. इथे लाल झंडी लागायची, म्हणून कुणी भराव घातला नाही, कुणी नाला बुजवला नाही. पाणउंदीर, जे इंग्लंडात झपाट्याने कमी झाले, ते इथे भरपूर आहेत. मला यात लष्कराचं पुण्य दिसत नाही. फौजेने काही पाणउंदरांसाठी जागा राखली नव्हती. पण ज्या जागेत माणसाला बंदी, तिथे बाकीचं जग नांदतं, एवढं खरं.

आरएसपीबीने बट पाडला नाही, हे मला त्याहून मोलाचं वाटतं. पाडणं सोपं होतं. त्यांनी त्याच बटावर पक्षी बघायची बंद खोली बांधली आणि तिचं नावही शूटिंग बट्स हाइड असंच ठेवलं. खोलीत दुर्बिणी लावून बसलेली माणसं ज्या बाजूला बघतात, त्याच बाजूने एकेकाळी गोळ्या येत होत्या. काहीजणांना हे ठाऊक असतं, काहीजणांना नसतं. मी शेजारच्या एका आजोबांना कडाड-ठोचा हिशेब समजावला. त्यांनी दुर्बीण खाली ठेवून ऐकून घेतला आणि मग मला बहिरी ससाणा कुठे बसलाय ते दाखवलं.

ज्याला फौजेचा अनुभव नाही त्याने तिथे काय बघावं, तेही सांगतो. आधी भिंतीची उंची बघा. ती माणसाच्या डोक्याला पुरून वर उरते, कारण खाली उभ्या माणसाने वाकायचं नसतं. मग मागच्या भरावाची माती बघा. ती भुसभुशीत ठेवतात, खडक-गोटे वेचून काढतात, नाहीतर गोळी आपटून भलतीकडे उडते. तीच मातीतली शिशाची रास आपल्याकडच्या रेंजांवर आजूबाजूच्या गावची पोरं चाळून न्यायची, भंगारात विकायला. रिकामी पितळी खोकी, म्हणजे उडालेल्या काडतुसांची टरफलं, मात्र फौज सोडत नाही. फायर संपलं की प्रत्येक जवान खिसे उलटे करून दाखवतो आणि खोक्यांचा हिशेब झाल्याशिवाय पलटण जागची हलत नाही. शंभर राउंड दिले तर शंभर खोकी जमा. एक कमी पडलं तर सगळी कंपनी गुडघ्यावर बसून गवतात हात फिरवते.

आपल्याकडे जुन्या छावण्यांच्या गावांत चांदमारी नावाच्या वस्त्या, टेकड्या, बसथांबे आहेत. बट बहुतेक ठिकाणी गेले किंवा जाण्याच्या बेतात आहेत. कुठे त्यांची माती भरावाला उचलली, कुठे वर पाण्याची टाकी आली. कुणी किल्ल्यांची आणि वाड्यांची टिपणं करतं, बटाचं करत नाही, कारण तो सुंदर नसतो. तुमच्या गावाजवळ असा बट उभा असेल तर त्याचे फोटो काढून ठेवा, लांबी-उंची मोजा, आणि गावात बट पार्टीत राबलेला एखादा पेन्शनर असेल तर त्याच्याकडून टार्गेट कसं वर जायचं, झंडी कुठे लागायची, पाण्याची सोय कुठे होती, हे लिहून घ्या. एसएलआर चालवलेले आम्ही सत्तरीला टेकलोय; .३०३वाले तर फार थोडे उरलेत.